लेकीकडची उतरण

निरोप घेऊन आलेला माणूस घाट चढून आला होता. जोडे हातात, मुंडासं घामानं चिंब. मी त्याला ओट्यावर बसवलं, तांब्या भरून दिला आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत काही विचारलं नाही. रोहिणखेडचा माणूस म्हटल्यावर काय ते कळलंच होतं, पण तेवढ्यापुरती तरी बातमी लांबावी असं वाटलं... तोंड पुसून तो म्हणाला, "मास्तर गेले जी. काल दिवस बुडता बुडता. गोदूबाईनं तुमाले बोलावलं." वासुदेव गेला. आता शेतातली ज्वारी गुडघ्याला आली आहे, लोकांनी विचारपूस करायचंही सोडलं आहे, तरी रविवार उजाडला की माझे पाय अजून उगाचच जड होतात.

आम्ही दोघं बुलढाण्याच्या शाळेत मास्तर. तो भूगोल शिकवायचा, मी गणित. नागपूरहून सरकारचा एखादा हुकूम यायचा, मग शाळेची वेळ बदलायची, पुस्तकं बदलायची, कधी हेडमास्तरही बदलायचे. पण रविवार आमचा होता आणि तो सायकलींचा होता. मी मुळात आळशी माणूस. सकाळी अंथरुणात पडून चहाची वाट पाहणं हाच माझ्या मते रविवारचा खरा उपयोग. पण दारात वासुदेवाची घंटी वाजायची आणि हाक यायची, "ऊठ बे, सूर्य तुह्याआधी उठला." त्याला रस्त्यांचं वेड होतं आणि प्रत्येक रस्त्याचा त्यानं स्वभाव ठरवून ठेवला होता. देऊळघाटचा रस्ता त्याच्या मते जावयाला शोभेल असा, फारसे कष्ट न पडणारा. चिखलीचा रस्ता सरळ, पण वारा कायम तोंडावर, म्हणजे सरकारी नोकरीसारखा. तिथून पुढं उंद्रीकडं गेलं की दोन्ही बाजूंना काळी शेतं आणि झाडाची सावली शोधायची तर भिंग घेऊन. या सगळ्यांत त्याचा जीव अडकला होता तो राजूरच्या घाटात.

आमचं गाव डोंगराच्या माथ्यावर. त्यामुळं उत्तरेला कुठंही जायचं तर जाणं मजेचं आणि येणं सजेचं. घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवणारा माणूस दवाखान्यात जायचा, म्हणून आम्ही वरच्या वळणावर थांबून पळसाची एकेक भरदार फांदी तोडायचो आणि दोरीनं सायकलीच्या मागं बांधायचो. ती फांदी रस्ता झाडत खाली यायची, सायकल आवरून धरायची आणि मागं धुळीचा लोट उठायचा. रस्त्याची डागडुजी करणारे गँगवाले हसून म्हणायचे, मास्तर लोक फुकट झाडलोट करून देतात. खाली पोचलो की फांद्या सोडून टाकायच्या, कारण परत येताना त्यांची गरज नसे. परत येताना आम्ही सायकलीवर बसतच नसू. त्या हातानं ढकलत, धापा टाकत, एकमेकांना शिव्या देत वर आणायच्या.

मग त्यानं गोदूला रोहिणखेडला दिलं. ती त्याची एकुलती एक. घर चांगलं, शेतीवाडी भरपूर, वाड्याच्या अंगणात स्वतःचा आड, जावई मोजकं बोलणारा पण भला माणूस. लग्न झालं आणि आमचे सगळे रस्ते मिळून एकच रस्ता झाला. देऊळघाट सुटलं, उंद्री सुटलं. दर रविवारी राजूरचा घाट उतरायचा, डाव्या हाताला वळायचं आणि ढेकळांतून, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून रोहिणखेड गाठायचं. मी कुरकुर केली तर म्हणायचा, "लेकीकडं जाताना देवानं उतार देला, तुले आणखी काय पाहिजे?" येतानाचा चढ कोणी दिला, हे मी विचारत नसे.

आता आमच्याकडची रीत वाचकांना ठाऊकच आहे. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. बहुतेकांच्या बाबतीत ही गोष्ट वर्ष-दोन वर्षांत मिटते. गोदूच्या बाबतीत मिटली नाही. पाळणा हलेना. नवस झाले, वैद्य झाले, खामगावचा डॉक्टर झाला. आणि वासुदेव दर रविवारी तिच्या ओसरीवर घामाघूम होऊन बसे, तिनं पुढं केलेल्या तांब्याला नुसता हात लावून तो बाजूला सारी, गप्पा मारी आणि कोरड्या घशानं उठे. मला अर्थातच बंदी नव्हती. पण तहानेल्या माणसाच्या शेजारी बसून चहा पिणं किती कठीण असतं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मीही नको म्हणू लागलो, तेव्हा गोदू म्हणाली, "काका, तुम्ही तं प्या. कोणाच्या तरी हातानं माहा तांब्या रिकामा होऊ द्या."

लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेना. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी घाटात मधेच बसकण मारायच्या, म्हणून सायकल सोडायचा प्रश्नच उरला नाही. आमचे गुडघे मात्र लढाईआधीच थकले होते. एकदा घाट चढताना मी वैतागून त्याला म्हटलं, "बे, रीत माणसासाठी असते. पी ना घोटभर." तो सायकल दगडाला टेकवून उभा राहिला. म्हणाला, "पेलो तं त्याचा अर्थ काय होते, समजते काय तुले? म्हंजे मी वाट पाहणं सोडलं. बापानं हे आपल्या तोंडानं लेकीले सांगायचं?" मी म्हटलं, "तिले उलटंच वाटते. तिले वाटते, दर रविवारी येऊन तू तिले तिचं दुखणं दाखवतं." त्यानं सायकल पुन्हा हातात घेतली. उरलेला घाट आम्ही चढलो. त्याचं हे वाट पाहण्याचं म्हणणं पुढं मी गोदूच्या कानावर घातलं. निदान बापाच्या मनात तिच्याविषयी काय आहे ते तिला कळावं म्हणून.

त्यानंतरच्या एका चैत्रात तो तिच्या ओसरीवर बसता बसता कलंडला. डोळे पांढरे झाले. मी आणि जावयानं त्याला सावरलं. गोदू तांब्या घेऊन धावली आणि याला शुद्ध येते न येते तोच यानं हात आडवा केला. त्या दिवशी पोरगी पहिल्यांदा बिथरली. "मले लेकरू नाही म्हणून तुम्ही माह्या दारात तहानेले मरान काय, बाबा?" असं म्हणून तिनं तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं, रिकामी घागर कमरेवर घेतली आणि भर दुपारी गावाबाहेरच्या विहिरीकडं चालू लागली. जुन्या मशिदीच्या अलीकडं ती विहीर आहे. भरली घागर घेऊन ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "हे माह्या घरचं नाही. गावचं आहे. आता तं प्यान?" तो प्याला. मी तोंड फिरवून बसलो, कारण माझ्याच्यानं ते पाहवेना.

तेव्हापासून तोच शिरस्ता पडला. रविवारी गोदू त्या विहिरीवरच येऊन थांबायची. बापलेक तिथं लिंबाखाली बसायचे, तो ओंजळीनं पाणी प्यायचा, मग सगळे मिळून घरी जायचो. गावात कुजबुज झाली. तिची सासू, तशी तोंडानं फटकळ, एकदा स्वतः विहिरीवर आली आणि म्हणाली, "व्याही रस्त्यावर मातीत बसते, लोक आमाले हसतात." आम्हाला वाटलं, आता भांडण. तर तिनं काखेतली घोंगडी काढून खाली अंथरली आणि घरी निघून गेली. पुढं ती बाई वारली तेव्हा वासुदेव रडला, इतका की मला नवल वाटलं.

मग त्याची बायको गेली, तो निवृत्त झाला, छातीचं दुखणं लागलं. डॉक्टरनं घाट बंद केला. महिनाभर तो दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसला. यंदाच्या उन्हाळ्यात ताप काही उतरेना, तेव्हा जावई बैलांची दमणी घेऊन आला आणि याला उचलूनच घेऊन गेला. मी निरोप द्यायला गेलो होतो. गादीवर आडवा पडून तो म्हणाला, "या खेपेले फांदी नको. बैल आवरतीन." सोबत त्यानं स्वतःचा शिधा घेतला होता, पीठमिठापासून. त्याचं शिजवून गोदू त्यालाच वाढायची. आणि पाणी? अंगणात आड असताना ती पोरगी, आता कसली पोरगी, केस पिकायला लागलेली बाई, रोज त्या वैशाखाच्या उन्हात घागर घेऊन विहिरीवर जायची. माझ्याच्यानं घाट उतरवला नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो आणि निरोपच आला, तेव्हा उतरलो.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. ओसरीवर गोदू आणि मी दोघंच उरलो. ती फार थकली होती. मीही थकलो होतो. खरं सांगायचं तर मला वासुदेवाचा रागही आला होता, इतका चांगला माणूस, आणि या एका गोष्टीपुरता इतका हट्टी. ती आपणहून सांगू लागली. "शेवटल्या दिवशी दुपारी म्हणे, पाणी दे. मी घागर घेतली अन् निघाली. त्याईनं हाक मारली. म्हणे, कुठी जाऊन राह्यली वं येवढ्या उन्हात? आडाचंच दे."

"मग?"

"तांब्याभर पेले. पुन्हा मागलं. अर्धा आणखी पेले. गोड आहे म्हणे." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काका, म्हंजे त्याईनं वाट पाहणं सोडलं काय?"

मी म्हटलं, "नाही वं बाई. तुले ऊन लागीन म्हणून पेला. दुसरं काही नाही."

तिनं अंगणातल्या आडाकडं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "ऊन तं दरसालच पडत होतं, काका."