दाजी, घरी येऊ नका

आमच्या भूमच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर होते. सकाळी खुर्चीत बसले की मान वर करायचे न्हाईत. "बघू, बघू. सांजच्याला घरी या," एवढंच म्हणायचे. घरी मात्र गोड हसायचे, निवांत नाडी धरायचे. हाताला गुण होता, खोटं कशाला बोलू. दुष्काळात तर फी म्हणून पाण्याची घागरसुद्धा चालायची.

मग सरकारनं हुकूम काढला, की नोकरीतल्या डॉक्टरानं घरी रोगी तपासायचे न्हाईत. डॉक्टरांनी दारावरची पाटी तेवढी काढली.

एका सांजंला बायको तापानं फणफणली. तिला बैलगाडीत घातली, भरली घागर घेतली अन् त्यांच्या घरी गेलो. डॉक्टर सुई भरत होते, तेवढ्यात जिल्ह्याचे मोठे साहेब दारात हजर! डॉक्टरांनी सुई पाठीमागं लपवली.

"कोण हे?" साहेबांनी इचारलं.

"बघू, बघू... म्हंजे, चुलत बहीण माझी. हे आमचे दाजी."

बायको कण्हत होती अन् सुई काय बाहेर येईना. माझं डोस्कं फिरलं.

"साहेब, बहीण तापलीय अन् हा भाऊ सुई लपवून बसलाय!"

"अहो डॉक्टर, द्या की बहिणीला!" साहेब म्हणाले.

दिली. वर म्या म्हणलं, "बहीण माहेरातून रिकामी जाती व्हय?" साहेबांदेखत डॉक्टरीणबाईंनी खणानारळानं ओटी भरली. निघताना घागर बी म्या उचलून गाडीत ठेवली.

तवापासनं दवाखान्यात मी दिसलो, की डॉक्टर मान वर करून सगळ्यांच्या आधी हाक मारायचे, "या दाजी, हितंच तपासतो. घरी येऊ नका."