चिमाजी कडूचं पहिल्या नंबरचं बी

आमच्या पालीत चिमाजी कडूला कामासाठी सगळे बोलवायचे, गप्पांना कुणी बोलवत नसे. समोरचा काही सांगायला लागला की चिमाजीच्या ओठाचा एक कोपरा वर जायचा, आणि सांगणाऱ्याला आपण तोंड कशाला उघडलं असं व्हायचं. गडाच्या पायथ्याला त्याची चार खाचरं होती. त्या चार खाचरांबाहेर जगात कुणाला भात पिकवता येतं हे त्याला मान्यच नव्हतं.

शेतकी खात्याचा साहेब एकदा जीपमधून आला. बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाका, तरंगेल ते काढून फेका, बुडेल तेवढंच पेरा, असं त्यानं चावडीपुढं समजावून सांगितलं. जपानातले शेतकरी असंच करतात म्हणाला. चिमाजी उठून उभा राहिला.

"सायेब, आमच्यात मीठ भाकरीसंगं खात्यात. बियाला घालत न्हाईत," एवढं बोलून तो घरी गेला. साहेबाचं पुढचं भाषण कुणी ऐकलं नाही.

त्यात सदुसष्ट साली तालुक्याच्या भातपिकाच्या स्पर्धेत चिमाजीचा आंबेमोहोर पहिला आला. मग तर विचारूच नका. बायको ठकुबाई म्हणायची, "आधीच मान वाकडी, त्यात हार घातला."

त्याच सुमारास भोर-वेल्ह्याच्या भात उत्पादक मंडळानं जपानचा अभ्यास दौरा काढला. मंडळाचे अध्यक्ष बाजीराव. त्यांनी स्वतःसकट सात जणांची यादी केली. त्यात त्यांचा मेहुणा होता, व्याही होता, आणि आणखी दोघं असे होते की ज्यांच्या पायाला चिखल लागला असेल तर तो लग्नाच्या मांडवातून येताना. पण वर्तमानपत्रातल्या फोटोत एखादा खरा शेतकरी हवा, म्हणून चिमाजीचं नाव घातलं. सातवा होता भोंगवलीचा सावळाराम. तो बौद्ध घरातला, वय बेचाळीस, घरची थोडी जिरायत. लढाई संपल्यावर, शेहेचाळीस साली, तो पलटणीबरोबर वर्षभर जपानात राहिला होता आणि त्याला तिकडची दहावीस वाक्यं येत होती. दुभाष्याचा खर्च वाचावा म्हणून त्याला घेतलं होतं. मुंबईच्या विमानतळावरच त्याच्या हातात बाजीरावांच्या दोन बॅगा आल्या आणि त्या शेवटपर्यंत राहिल्या.

चिमाजीनं निघताना चंचीत पानाऐवजी आंबेमोहोराचं बी भरून घेतलं. पहिल्या नंबरचं बी. "त्या लोकास्नी बी दावतो भात कसं असतं ते," तो ठकुबाईला म्हणाला.

अडुसष्टचा चैत्र होता. जपानात गेल्यावर पहिले पाच दिवस या मंडळानं दुकानांचा अभ्यास केला. ट्रान्झिस्टर, कॅमेरे, नायलॉनच्या साड्या. यजमानांनी ठरवलेल्या शेतीशाळेला बाजीरावांनी निरोप धाडला, की हवा मानवली नाही, मंडळी आजारी आहेत. सहाव्या दिवशी आगगाडीनं मात्सुए नावाच्या गावी नेलं. तिथून शेतं बघायला बस येणार होती, आणि ती वेळेवर आली. पण जवळच गरम पाण्याचे झरे आहेत आणि तिथं अंघोळीची मोठी सोय आहे, असं मेहुण्याला कळलं होतं. बसवाल्याला परत पाठवून पाचही जण मोटारीनं अंघोळीला गेले. मोटारीत जागा पाचच जणांची होती. बाजीरावांनी खिडकीतून सांगितलं, "सावळाराम, सामानावर ध्यान ठेव. चिमाजी, तुमी आराम करा."

दोघं लॉजच्या पायरीवर बसले. सकाळचे नऊ वाजले असतील.

"इतक्या दिसांत म्या एक खाचर बघितलं न्हाई," चिमाजी म्हणाला. "बघितली ती काचंतली लुगडी."

सावळाराम रस्त्याकडं बघत होता. समोर तीन चाकांचा एक लहान ट्रक उभा होता, मागं मासळीचे रिकामे खोके. ड्रायव्हर दोरी आवळत होता. सावळाराम उठून त्याच्याजवळ गेला, अडखळत दोन वाक्यं बोलला. ड्रायव्हर हसला आणि त्यानं मागचं फळकूट खाली पाडलं.

"दादा, हा हमादाला निघालाय. समुद्राच्या कडंकडंनं जातो. आमची पलटण तितंच हुती. बावीस वर्सं झाली. येता का?"

"आन सामान?"

"सामानाला पाय हायेत का?"

चिमाजीला हे उत्तर आवडलं असावं. तो पटका सावरत ट्रकमध्ये चढला. त्यांनी कुणाला विचारलं नाही, चिठ्ठी ठेवली नाही, कधी परतणार तेही ठरवलं नाही.

रस्ता अर्धा कच्चा होता. उजव्या हाताला समुद्र आला तो काही हटेना. मासळीच्या खोक्यांत बसून, वळणावळणाला एकमेकांवर आदळत, दोघं चालले होते. चिमाजीनं समुद्र आधी फक्त विमानातून बघितलेला. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याच्या ओठाचा कोपरा वर गेला.

"येवढं पानी," तो म्हणाला, "आन पिकाला थेंब न्हाई."

दुपारी एका खेड्याजवळ ट्रकचं मागचं चाक बसलं. ड्रायव्हर चाक काढून दुसरीकडं दुरुस्तीला घेऊन गेला. त्या खेड्यात डोंगर थेट समुद्रात उतरला होता आणि त्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाचरं होती, पार खाली खडकांपर्यंत. काही तर घोंगडी अंथरावी एवढीच. चिमाजी बांधावरून खाली उतरला. त्यानं चिखल बोटांत घेऊन चोळला, बांधाची दगडी रचाई हातानं ठोकून बघितली. एकही दगड हलला नाही.

एका घराच्या अंगणात एक म्हातारी लाकडी टब घेऊन बसली होती. टबात पाणी, पाण्यात एक अंडं. ती त्यात मूठमूठ मीठ टाकत होती. अंडं वर येऊन आडवं तरंगायला लागलं तेव्हा तिनं मीठ टाकणं थांबवलं, अंडं काढून घेतलं आणि टोपलीतलं भाताचं बी ओतलं. थोडंसं वर आलं, बाकीचं खाली बसलं.

जीपवाल्या साहेबानं चावडीपुढं जे सांगितलं होतं ते हे होतं. चिमाजीनं ते ओळखलं आणि त्याला चेव चढला.

"सावळा, तिला म्हनाव हे बी टाक."

त्यानं चंची उघडली आणि पहिल्या नंबरचा आंबेमोहोर म्हातारीच्या ओंजळीत दिला. म्हातारीनं दाणा नखानं सोलला, वास घेतला आणि मान डोलावली. वासाला ती मनापासून दाद देत होती. मग तिनं दुसऱ्या बादलीत तेच पाणी घेऊन त्यात बी सोडलं.

निम्म्याला थोडं कमी, एवढं बी वर आलं आणि तरंगत राहिलं.

म्हातारीनं तोंडावर हात धरला, पण हसू लपलं नाही. तिनं गाळणीनं वरचं बी काढलं आणि अंगणात फेकलं. चार कोंबड्या धावत आल्या.

"पानी खराब आसंल," चिमाजी म्हणाला.

सावळारामनं ते तिला सांगितलं. ती बोलली त्याचा अर्थ त्यानं सावकाश लावला. "ती म्हनती, पानी त्येच हाय. तुमचं वाण चांगलं हाय, पर तुमी निवडत न्हाई. पोकळ दानाबी पेरता आन मग रोप मेलं म्हनून देवाला बोल लावता."

शेवटचा भाग म्हातारी बोलली की सावळारामनं पदरचा घातला, हे चिमाजीला कधीच कळलं नाही. तो कोंबड्यांकडं बघत होता. तालुक्यात पहिलं आलेलं भात त्या टिपत होत्या.

म्हातारीनं त्यांना जेवायला वाढलं. एक मोठं लाकडी ताट, त्यात भात, वर आंबट खारवलेलं फळ. काड्यांनी खायला दोघांनाही जमेना. दोघं हातानं एकाच ताटात जेवायला लागले. थोडं जेवून झाल्यावर सावळारामनं खाली बघतच विचारलं, "हितं चालतं व्हय, दादा?"

भोरच्या बाजारात दोघांची ओळख दहा वर्षांची होती. पालीला सावळाराम दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा ओट्याखाली बसून गेला होता. चिमाजीनं पुढचा घास घेतला. 

हमादाला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सावळारामला छावणीची जागा ओळखूच येईना. तिथं शाळा झाली होती, मुली चेंडू खेळत होत्या. तो कुंपणाशी थोडा उभा राहिला. "बरं झालं," एवढंच म्हणाला. ड्रायव्हरच्याच घरी ते निजले आणि दुसऱ्या दिवशी मासळीबरोबर परतले.

लॉजच्या दारात बाजीराव उभेच होते. पोलिसांत वर्दी दिली होती.

"देशाची अब्रू घालवली तुमी," ते म्हणाले. "लोक काय म्हनत्याल? आन अंगाला वास कसला येतोय?"

"मासळीचा," चिमाजी म्हणाला. "तुमच्या अंगाला साबनाचा येतोय."

भोरला परतल्यावर सत्काराची सभा झाली. बाजीराव तासभर बोलले. आम्ही सात आदर्श शेतं पाहिली, तिथल्या शेतकऱ्यांशी बांधावर बसून चर्चा केली, असं त्यांनी सांगितलं. गरम पाण्याच्या झऱ्यांचाही उल्लेख आला, जमिनीखालच्या पाण्याची पाहणी म्हणून. मेहुणा पहिल्या रांगेत ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन मान डोलवत होता. शेवटी त्यांनी मोठ्या मनानं चिमाजीला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"शेत आमी दोगांनी बघितलं, म्या आन सावळारामनं," चिमाजी म्हणाला. "ह्यांनी न्हाणीघर बघितलं. आता माजं ऐका. माजं पयल्या नंबरचं बी तितल्या म्हातारीच्या कोंबड्यांनी खाल्लं, कारन ते पोकळ हुतं. शेतकीचा सायेब खरं बोलत हुता. म्या गाढव हुतो." आणि तो खाली बसला.

लोक हसले ते चिमाजीला. बाजीरावांना हसायची कुणाची छाती नव्हती. मंडळानं दौऱ्याचा अहवाल छापला, त्यातल्या फोटोत चिमाजीचं फक्त कोपर आलं. सावळारामचं तेवढंही नाही.

मृगाच्या आधी चिमाजीनं मिठाचं पाणी केलं, पण परसात, आडोशाला. किती मीठ घालायचं हे नीट आठवेना म्हणून त्यानं सावळारामला बोलावून घेतलं. सावळाराम एस.टी.नं आणि पुढं चालत आला. दोघांनी मिळून बी निवडलं. ठकुबाईनं चहा आणला. चिमाजीला घरच्या पितळीत, आणि सावळारामला वळचणीला ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात.

सावळारामनं कप हातात घेऊन बघितला आणि चहा न पिता तो जमिनीवर ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "कोंबड्यांनी बी खाल्लं त्येची तुमाला भर सभेत लाज वाटली. ह्येची न्हाई वाटत."

तो निघून गेला. चिमाजी बसून राहिला. ठकुबाई म्हणाली, "रीत हाय ती. म्या काय नवं केलं?" तिनं नवं काही केलं नव्हतं, आणि पंचाईत तीच होती.

त्या साली चिमाजीच्या भातरोपांचा तरवा असा उठला की लोक बांधावर थांबून बघायचे. कसं केलं असं विचारायला यायचे. तो सांगायचा, पण पूर्वीसारखं ओठ वाकडा करून नाही. स्पर्धेत त्यानं नाव दिलं नाही. दिवाळी झाल्यावर एक दिवस तो सकाळच्या एस.टी.नं भोरला आणि तिथून भोंगवलीला गेला. सावळारामच्या घरी उंबऱ्याच्या आत जाऊन बसला आणि त्याच्या बायकोला, रतनबाईला, म्हणाला, "वैनी, भूक लागलीय." ती भाकरी आणि झुणका घेऊन आली. सावळाराम शेतावरून आला तेव्हा चिमाजीचं निम्मं जेवण झालं होतं.

"उशीर केलात," सावळाराम म्हणाला.

"व्हय," चिमाजी म्हणाला.

यात चिमाजीचं कौतुक करावं असं मला वाटत नाही. एका भाकरीसाठी ज्याला जपानापर्यंत जाऊन यावं लागतं, त्याचं कसलं कौतुक. पण आमच्या पालीत तेवढंही कुणी केलं नव्हतं. उलट, हा भोंगवलीला जेवून आला, याची पारावर महिनाभर चर्चा झाली. चिमाजीनं पारावर जाणंच सोडलं. पुढं सावळाराम पालीला यायचा तो सोप्यात बसायचा, आणि ठकुबाई कुरकुरत का होईना घरच्याच पितळीत चहा द्यायची. दोन वर्षांनी कुरकुरही बंद झाली.

चौऱ्याहत्तर साली मंडळाचा दुसरा दौरा निघाला, या खेपेला फिलिपाईन्सला. फोटोसाठी पुन्हा माणूस हवा होता. बाजीराव स्वतः पालीला आले, गडाच्या वाटेवर मोटार उभी करून खाचरापर्यंत चालत आले. नव्या बुटांना चिखल लागला म्हणून एका पायावर उभे राहून त्यांनी बांधाच्या दगडावर बूट घासला.

"चिमाजी, झालं गेलं सोडा. चला या टायमाला."

चिमाजी लावणी करत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"सावळारामला इचारा," तो म्हणाला. "तो आला तर येतो."

बाजीरावांनी सावळारामला विचारलं नाही. फिलिपाईन्सची भाषा त्याला येत नव्हती, आणि बॅगा उचलायला दुसरा माणूस मिळाला होता.