१३.२८ ला उतरा

माझे वडील जर्मनीत एकदाच हरवले, आणि तेही माझ्या लेखी सूचनांचं तंतोतंत पालन केल्यामुळे.

सूचना लेखी का, तर बाबा साताऱ्याला सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर होते आणि तोंडी आदेशावर त्यांनी उभ्या नोकरीत एक खड्डासुद्धा बुजवला नाही. (लेखी आदेशावर किती बुजवले, हा विषय आमच्या घरात कोणी काढत नसे.) आई गेल्यानंतर दोन वर्षांनी ते पहिल्यांदाच एकटे प्रवासाला निघाले होते. माझ्याकडे, येनाला, नऊ दिवसांसाठी. फ्रँकफुर्टला विमान, तिथून गाडीने एरफुर्ट, आणि एरफुर्टला मी घ्यायला हजर. तिकिटावरची स्टेशनांची जर्मन नावं त्यांना धड वाचता येईनात. तेव्हा मी फोनवर ऐटीत म्हणालो, "बाबा, नाव वाचायचंच कशाला? हे जर्मनी आहे. घड्याळ बघा. १३.२८ ला गाडी थांबेल, तिथे उतरा."

"मिनिटासकट?"

"मिनिटासकट. इथे लोक गाडी बघून घड्याळ लावतात."

"लेखी पाठव."

मी पाठवलं. खाली सही केली, फोन नंबर टाकला. बाबांनी त्याची प्रिंट काढून पासपोर्टात ठेवली.

हा माज आला कुठून, तेही सांगतो. येनातल्या ज्या संस्थेत मी काम करतो, तिची दुर्बीण तेव्हा नुकतीच लाखो किलोमीटर दूर अवकाशात जाऊन पोचली होती. तिचा आरसा ज्या चौकटीत बसतो, ती चौकट माझी. सहा वर्षं मी तिच्या मागे होतो. केसाच्या शंभराव्या भागाइतकी हलली तरी सगळं मुसळ केरात. त्याच दिवशी चार वाजता दुर्बिणीचा पहिला फोटो यायचा होता. बाबांना स्टेशनवरून थेट प्रयोगशाळेत न्यायचं, मोठ्या पडद्यावर तो दाखवायचा, ते एकदा "वा" म्हणाले की झालं, असा माझा बेत होता.

वा म्हणायला घरात दुसरं कोणी नव्हतंही. बायको वृंदा नेकारसुल्मला मोटारीच्या कारखान्यात नोकरीला, लेक इरा तिच्याजवळ, तिथल्या शाळेत. शुक्रवारी मी गाडीने त्यांच्याकडे जायचो, बाकी आठवडाभर येनात एकटा. इतका एकटा, की भांडी धुणारं मशीन काम संपल्यावर शीळ घालायचं तर मी त्याला "हो हो, आलो" म्हणायचो. बाबा तिकडे साताऱ्यात एकटे. दर रविवारी फोन. "जेवलास?" "जेवलो. तुम्ही?" "जेवलो." एवढ्यावर आम्हा दोघांना पुढचा आठवडा काढायचा असे.

तर त्या दिवशी एरफुर्टच्या फलाटावर मी १३.१५ पासून उभा. गाडी आली १४.१८ ला. दीड-दोनशे माणसं उतरली, एक कुत्रा उतरला, बाबा उतरले नाहीत. मी डब्याडब्यांत डोकावत धावलो, तोवर दारं लागली आणि गाडी गेलीसुद्धा. आमची दुर्बीण त्या क्षणी अवकाशात नेमकी कुठे आहे, हे मी खिशातला फोन काढून सांगू शकलो असतो. वडील कुठे आहेत ते मात्र सांगता येत नव्हतं, कारण त्यांचं भारतातलं सिम इथे मुकं झालं होतं.

वृंदाला फोन लावला.

"घड्याळ बघून उतरा म्हणालास? तू?" ती म्हणाली. "अरे, मागच्या शुक्रवारी तू स्वतः किती वाजता पोचलास घरी?"

"साडेदहा."

"आणि यायचा होतास किती वाजता?"

"सात."

मागून इराचा आवाज आला, "पापा, वो इस्ट आबा?" आबा कुठे आहेत, असं ती जर्मनमध्ये विचारत होती. मला मराठीतही उत्तर येत नव्हतं.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन. पलीकडे कोणी म्हाताऱ्या लिंडनरबाई. "तुमचे वडील माझ्या शेजारी बसलेत," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला एक सही केलेला कागद दिलाय. बोला."

"अरे, मी उतरलोय," बाबा शांतपणे म्हणाले. "बरोबर १३.२८ ला. तू कुठे आहेस?"

"बाबा, मी एरफुर्टला आहे! ते एरफुर्ट नाही!"

"तुझ्या कागदात एरफुर्टचा उल्लेख नाही."

झालं होतं असं, की सिग्नलमध्ये बिघाड झाला म्हणून गाडी एका खेड्यात तुंबून राहिली होती. या गावात ती जन्मात थांबत नाही. (गावाचं नाव सांगत नाही, त्यांना आधीच कमी दुःखं नाहीत.) लोकांना हवा मिळावी म्हणून दारं उघडली. बाबांनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिला आणि दोन बॅगा घेऊन उतरले. जर्मन वक्तशीरपणावर इतकी श्रद्धा असलेला त्या गाडीत तो एकटाच प्रवासी असणार. फलाटाची लिफ्ट बंद होती. ती कधीपासून बंद आहे हे लिंडनरबाईंना आठवत नव्हतं, पण दुरुस्तीसाठी आपण सतरा पत्रं लिहिली हे आठवत होतं. त्या दोघांनी मिळून बॅगा जिन्यावरून उतरवल्या आणि आता ते गावातल्या नदीकाठी येऊन बसले होते.

चार वाजायला सव्वा तास उरला होता. येनाला गेलो तर फोटो, उलट्या दिशेला गेलो तर बाबा. खोटं कशाला बोलू, मी अर्धं मिनिट विचार केला. त्या अर्ध्या मिनिटाची मला अजून लाज वाटते.

"मी येतोय, नदीकाठीच थांबा" असं बाबांना सांगून उलटी गाडी पकडली. ती दोन स्टेशनं गेली आणि थांबली. पुढे रुळांची दुरुस्ती, म्हणून गाडीऐवजी बस. (याला इथे शीनेनएरझात्सफेरकेअर म्हणतात. शब्द म्हणून होईपर्यंत बस निघून जाते.) बस डोंगरांत शिरली आणि फोनची रेंज गेली. चार वाजले. लाखो किलोमीटर कापून आमचा फोटो येनात पोचला असणार, पण येनाहून माझ्या खिशापर्यंत यायला त्याला वाट नव्हती. बसमध्ये मी आणि ड्रायव्हर दोघंच. कोणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून त्याला म्हणालो, "आत्ता माझ्या दुर्बिणीचा पहिला फोटो आला."

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि त्याने मला नदीकाठी उतरवलं, कारण पुढचा पूल बंद होता.

पलीकडच्या काठावर बाबा होते. कानटोपीसकट दिसत होते. शेजारी लिंडनरबाई आमच्या बॅगेवर बसून चकली खात होत्या. मध्ये चाळीसेक मीटरचा पूल, दोन्ही टोकांना कुंपण, आणि इथे नवा पूल होत आहे असा मंत्रिमहोदयांनी लावलेला फलक. फलक गंजला होता. बाईंनी नंतर सांगितलं, की पूल राज्याचा, नदी जिल्ह्याची, आणि रस्ता कोणाचा हे ठरवणारी समिती दर निवडणुकीनंतर नव्याने बसते. वळसा घालून जायचं तर दहा किलोमीटर.

"ये की!" बाबा ओरडले.

"पूल बंद आहे!"

"वाहनांना बंद असेल. मी खालून तपासलाय. डावीकडचं बेअरिंग गेलंय, माणसाला काही होत नाही."

"बाबा, फेरबोटन लिहिलंय!"

"म्हणजे काय?"

"मनाई!"

"लेखी आहे?"

"लेखी आहे!"

लेखी मनाई बाबांनी आयुष्यात मोडली नव्हती. मी तिथेच थांबा म्हणणार, तेवढ्यात त्यांनी कुंपणाची जाळी बाजूला सारली आणि चालायला लागले. एकाहत्तर वर्षांचे, गुडघे दुखरे, कठड्याला हात न लावता. मग मीही जाळीतून घुसलो. आम्ही पुलाच्या मधोमध भेटलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवलास?"

मी नाही म्हणालो. दर रविवारच्या त्या प्रश्नाला पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं.

तिथेच, नदीच्या वर मोकळ्यावर, रेंज आली आणि फोन थरथरला. काळ्या आकाशात टाचणीच्या टोकासारखे तारे, एकही फिसकटलेला नाही. बाबांनी फोन लांब धरून पाहिला.

"यात तुझं काय आहे?"

"हे काहीच नाही. आरसा धरून ठेवणारी चौकट माझी. ती फोटोत दिसत नाही."

"हलली नाही?"

"नाही."

बाबांनी पायाखालच्या पुलाकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं, आणि म्हणाले, "काम पास." सरकारी खात्यात याहून मोठा शब्द नाही. मी तिथेच रडायला लागलो. शेवटी लिंडनरबाईच ओरडल्या, की पूल पडायच्या आत दोघेही इकडे या.

नऊ दिवस भुर्रकन गेले. परत जाताना एरफुर्टला मी बाबांना गाडीत बसवायला गेलो. बॅगा वर ठेवल्या, त्यांना पाण्याची बाटली दिली, एक बॅग पुन्हा उतरवून दुसऱ्या बाजूला ठेवली, खिडकीचा पडदा सरळ केला. आणि त्या दिवशी, नेमकी त्याच दिवशी, गाडी ठरल्या सेकंदाला सुटली! मी आतच. पुढचं स्टेशन बऱ्याच अंतरावर होतं. खरं सांगू का, बॅगा मी मुद्दामच सावकाश ठेवत होतो. घरी ते शीळ घालणारं मशीन सोडलं तर माझी वाट कोण पाहत होतं?

बाबांनी सरकून जागा दिली. तिकीट तपासनीस आला. बाबांचं तिकीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. तो सज्जन होता, पण नियम नियम. घरच्या मोठ्या माणसाबरोबर विनातिकीट फक्त मुलं जाऊ शकतात, तीही चौदा वर्षांपर्यंतची, असं म्हणाला.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. बाबांनी माझ्या टकलाकडे एकवार नजर टाकली.

"विचारून तर बघ," ते म्हणाले, "काही जमतंय का."

आणि मी, वय वर्षं बेचाळीस, अंतराळ अभियंता, खरोखरच विचारलं.