पिवळ्या धोब्याच्या पायातलं कडं

मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. तरी त्या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी व्हाइटफील्डजवळच्या तळ्यावर पक्ष्यांना कडी घालायला जायचो. बारीक जाळ्यात सापडलेला पक्षी हातात घ्यायचा, मोजमाप करायचं, पायात नंबर कोरलेलं हलकं कडं घालून सोडायचा. पुन्हा कुठं सापडला, तर कुठून कुठं गेला ते कळतं. शिकवायला अक्का होत्या, बनशंकरीच्या जुन्या मराठी घरातल्या, बोलताना मधेच कानडी शब्द येणाऱ्या. परवाना त्यांच्याच नावावर होता.

त्या रविवारी ऑफिसात काम निघालं होतं, आठची कॅब गाठायची होती. हातात पिवळा धोबी, शेपूट हलवल्याशिवाय चैन न पडणारा, माझाच भाऊबंद. मी पकडीनं कडं दाबलं.

"स्वल्प थांब रे," अक्का म्हणाल्या. "टोकं जुळली का, नख फिरवून बघ."

एक टोक दुसऱ्यावर चढलं, तर ते पायाला घासत राहतं. मी घड्याळाकडे बघत "जुळली" म्हणालो आणि मूठ उघडली.

महादेवपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये लक्षात आलं, नख फिरवलंच नव्हतं.

पुढचे तीन आठवडे जीव थाऱ्यावर नव्हता. अक्कांना सांगायला तोंड उघडायचो आणि भलतंच काहीतरी विचारायचो. भेकड होतो, दुसरं काय.

चौथ्या रविवारी तोच पुन्हा जाळ्यात आला. पाय सुजलेला, कड्याखाली कातडी सोललेली. अक्कांनी नंबर वाचून वही उघडली.

"मीच घातलं होतं," मी म्हणालो. "बघितलं नव्हतं."

"ठाऊक आहे. तुझंच अक्षर आहे. धर नीट."

कडं उघडून काढायला पाच मिनिटं लागली. त्याचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं. मी नव्या कड्यांच्या डबीकडे बघितलं.

"याला पुरे आता," अक्का म्हणाल्या. "सरी, सोड."

गवतावर उतरून तो एका पायावर उभा राहिला. दुसरा पोटाशी धरलेला. टेकव, टेकव, असं मी मनात म्हणत होतो. त्यानं टेकवला नाही. तसाच उडाला.

हिवाळ्यात आमच्या ऑफिसच्या हिरवळीवर पिवळे धोबी उतरतात. कॉफी तशीच टाकून मी त्यांचे पाय बघत हिंडतो. बरा झाला असेल, तर तो यांच्यातलाच एखादा असेल. पण त्याच्या पायात आता काही नाही, आणि अगदी समोर आला तरी मला तो ओळखता यायचा नाही.