आत्याबाईंना ओलांडताना

फोन आला तेव्हा मी जंगलात, पाणवठ्याजवळच्या कोरड्या नाल्यात उभी होते. "आई गेली…" एवढंच नवरा बोलला. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आदल्याच दिवशी खामगावच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते, तर त्यांनी मला हाकललं. "इथं बसून माहा दम वाढते काय? जाय ड्युटीवर." वनरक्षकाची माझी खाकी वर्दी त्यांना माझ्यापेक्षा जास्त प्रिय होती, आणि तिच्यावर हक्कही त्यांचाच जास्त. तेरवी होऊन महिना झाला. आता शांतपणे लिहिता येईल असं वाटलं होतं… येत नाही, तरी लिहिते.

माझं माहेर बीबी गावचं. लग्न होऊन धामणगाव बढेला आले ती वनरक्षकाच्या भरतीचं खूळ डोक्यात घेऊनच. सासऱ्यांनी सरळ नाही म्हटलं नाही, अट घातली. गावात निवृत्त पीटीच्या बाई होत्या, पहाटे शाळेच्या मैदानावर गावातल्या सासवा-सुनांकडून व्यायाम करून घेत. त्यांनी 'जमेल' म्हटलं तरच फॉर्म भरायचा. आत्याबाईंना साखर होती, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून त्याही माझ्यासोबत यायच्या. बाईंची चाचणी बारा मिनिटांची. धावा, चाला, पण थांबायचं नाही, आणि शिट्टी वाजली की जागच्या जागी उभं राहायचं. जितकं अंतर कापलं, तितका तुमच्या काळजाचा नि फुफ्फुसांचा दम. माझी अख्खी नोकरी त्या अंतरावर अडकली होती.

पहिल्या चाचणीत मी सपशेल आपटले, आणि त्यात दमाचा काही दोष नव्हता. आत्याबाई पुढे चालत होत्या. सासूला मागे टाकून सून पुढे जाईल कशी? मी तीन पावलं मागे. आजूबाजूला पाहिलं तर प्रत्येक सून आपापल्या सासूच्या मागे, वरातीत चालावं तशी. शिट्टी वाजल्यावर बाईंनी माझं अंतर पाहिलं. "वंदना, तुहा दम साठीच्या बाईएवढाच हाय काय वं?" पुढच्या खेपेला त्यांनी डोकं लढवलं आणि सगळ्या सुनांना उलट्या दिशेने सोडलं. झालं! आता दर फेरीला सासू समोरून येणार, आणि आम्ही थांबून, ओढणी डोक्यावर घेऊन, अदबीने बाजूला होणार. अंतर आणखीच घटलं. बाईंनी कपाळावर हात मारला. घरी सासरे म्हणाले, "म्या म्हनलं होतं." फॉर्मची मुदत संपत आली होती, आणि मी मोरीत जाऊन रडले.

त्या संध्याकाळी आत्याबाई परातीत पीठ मळत बसल्या होत्या. "मीच तुले आडवी येऊन राह्यली."

"नाही हो आत्याबाई…"

"गप. उद्या जितक्या खेपा मले मांगं टाकशीन, तितके दिवस सयपाक माह्याकडं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना पुन्हा एकाच दिशेने सोडलं. आत्याबाईंच्या पाठीमागे आले आणि पाय पुन्हा अडले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "काऊन थांबली वं? भाकरी थापाची लय हौस हाय काय?" मी मनातल्या मनात माफी मागितली आणि गेले पुढे. मागून आवाज आला, "हाव! अशी!" मग प्रत्येक फेरीला मी जवळ आले की त्याच आधी ओरडायच्या, "चाल, चाल, आली का?" बाकीच्या सुनांनीही ते पाहिलं. एकेक जण जिभेचं टोक चावत आपल्या सासूच्या पुढे निघाली. शिट्टी वाजली तेव्हा मी कुठे उभी आहे ते पाहायला बाई स्वतः पळत आल्या. "जमेल," म्हणाल्या.

गाव थोडंच गप्प बसतं. 'सून पळते अन् सासू थापते' हे वाक्य आमच्या दारावरून रोज जायचं. आत्याबाई तव्यापासून उठून बाहेर यायच्या. "माही सून हाय. तुह्या पोटात काऊन दुखते?" पैजेचे दिवस कधीच संपले, पण माझी भरती होईपर्यंत त्यांनी तवा सोडला नाही. सासऱ्यांनाही गरम भाकरी मिळत होती; त्यांनी मुकाट्याने फॉर्मवर बोट ठेवून सही कुठे करायची ते मला दाखवलं. मला आत्याबाईंची फार आठवण येते. आईपेक्षाही जास्त येते, हे आईला कळलं तरी चालेल.

नोकरी लागल्यावरही आम्ही दोघी बाईंच्या चाचणीला जातच राहिलो. मागच्या रविवारीही मैदानावर चाचणी होती. जावं की नाही, या विचारात होते. मग म्हटलं, घरी बसून कुणाचा दम वाढतो? बाईंनी शिट्टी फुंकली, मी निघाले. कडुनिंबाच्या वळणावर मी आतली कड सोडून बाहेरून वळले. आत्याबाई कायम त्याच कडेने चालायच्या, त्यांना ओलांडताना बाहेरून जायची पायांना सवय झालेली. मोजणी आतल्या कडेने होते, त्यामुळे बाहेरून वळलं की धावावं जास्त लागतं आणि अंतर कमी भरतं. पुढच्या फेरीला ठरवून आतून जायला गेले. नाही गेले पाय. मागे पाहिलं तर बाकीच्या सुनाही तिथे बाहेरूनच वळत होत्या, आतली कड मोकळी ठेवून. बाई पाहत होत्या. मी वेग वाढवला.