दोन बुधी

प्रोग्राम चालू असला की नलू तामोरेला खुर्चीत बसवत नाही. कळ दाबली की ती उठते, दारापर्यंत जाते, परत येऊन पडद्याकडे बघते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या संगणकाच्या गाळ्याचा मालक रामकिसन तिला म्हणतो, "अरे बैठो नलूताई, मशीन कुठं पळून नाही जाणार."

नलू घिवलीची. वडील महादू होडीवर, आई येसूबाई सुकी मासळी विकते. नलूने पालघरला इंग्रजी टायपिंग शिकून घेतलं, नंतर संगणकाचा कोर्स केला. घरात मासळीचा वास आणि कार्यालयात रसायनांचा, या दोन वासांमधला एसटीचा प्रवास ती रोज करते.

गेल्या वर्षी, म्हणजे एक्याण्णव साली, रामकिसनला पालघरजवळच्या एका खासगी संस्थेचं काम मिळालं. संस्थेचा क्षयरोगाचा दवाखाना होता. रुग्णांची कार्डं संगणकावर चढवायची होती. संगणकावर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून नावं इंग्रजीत, आणि टाइप करणारे तिघे. ‘बुधी’च्या शेवटी कुणी आय लावला, कुणी दोन ई, कुणी मधला एच खाल्ला. एकच माणूस तीन जागी बसला. दवाखान्यात नाव शोधलं तर सापडेना, आणि एकाच्याच नावाने दोन-दोन पुड्या बांधल्या जाऊ लागल्या.

नलूने त्यावर प्रोग्राम लिहिला. दोन ई म्हणजे आय, दोन ओ म्हणजे यू, मधला एच सोडून द्यायचा. "तो आपल्या बोलण्यात तरी कुठं राहतो?" ती म्हणाली. असं सोलून काढलेलं नाव जुळलं, आडनाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि पाडा जुळला, वय जवळपास असलं की माणूस एकच. एक नोंद ठेवायची, बाकीच्या पुसायच्या. यादी झपाट्याने आटली. रामकिसनने पेढे आणले.

दिवाळी झाल्यावर दवाखान्याचे कंपाउंडर पुंजाराम नव्या यादीसाठी आले, ते हसतच.

"तुझ्या मशीनने चोर पकडला की गं!"

"कसला चोर?"

"कोळगावपलीकडच्या पाड्यावरची बुधी वावरे. काल औषध घेऊन गेली आणि थोड्या वेळाने पुन्हा खिडकीवर हजर. म्हणते, मी बुधी. म्हटलं, यादीत एकच बुधी आहे आणि तिने अंगठा उठवलाय."

"चेहरा तोच होता?"

"पदर ओढलेला. चेहरा कोण बघतंय?"

"मग काय म्हणाली?"

"काय म्हणणार? खोकली आणि गेली."

नलू हसली नाही. तिच्या घरात दोन मंजुळा आहेत. दोघी चुलतबहिणी, दोघींना एकाच आजीचं नाव. पाड्यांवर तर जन्मवारावरून नाव ठेवतात; बुधवारी झाली ती बुधी. दोन भावांच्या बायका बुधवारच्याच निघाल्या, तर एका घरात दोन बुधी वावरे. नवऱ्याच्या नावाने त्या वेगळ्या करता आल्या असत्या, पण बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. दवाखान्यातला कारकून थांबत नाही, तो रकाना कोरा सोडतो. आणि दोन कोरे रकाने दिसले तर ते जुळले असं धर, हे प्रोग्रामला नलूनेच सांगितलं होतं.

ती पुंजारामबरोबर दवाखान्यात गेली. जुन्या गठ्ठ्यात दोन कार्डं निघाली. दोघींचा पहिला बेडका वेगवेगळ्या महिन्यांत तपासलेला, म्हणजे बायका दोन.

"उद्या मी निरोप धाडतो," पुंजाराम म्हणाले.

"उद्यापर्यंत ती वीटभट्टीवर गेली तर?"

दिवाळीनंतर पाडे रिकामे होऊ लागतात. एकदा माणूस भट्टीवर गेला की पावसापर्यंत त्याचा पत्ता लागत नाही, आणि अर्धवट औषधाने हा रोग जास्त चिवट होतो. डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या पुड्या दिल्या. नलू त्या पर्समध्ये घालून पाड्यावर पोचली.

थोरली बुधी दारात भात पाखडत होती.

"धाकली गेली. मनोरला मुकादमाची गाडी येनार हाय."

"तू नाही गेलीस?"

"मला औषध हाय ना. म्हनून मी ऱ्हायली. तिला नाय म्हनाले, मग ती कशाला ऱ्हाते?"

मनोरच्या नाक्यावर ट्रक उभा होता. भांडी, कोंबड्या, गोधड्या वर चढत होत्या. नलूने हाक मारली, "बुधी!" तीन बायकांनी मागे बघितलं.

"वावऱ्यांची! धाकली!"

एक बाई तोंड फिरवून म्हणाली, "मी चोर नाय."

"माहीत आहे. हे तुझं औषध. राहा ना तू, जावेसारखी."

"ऱ्हाऊन खाऊ काय? पुड्या?"

नलूने पुड्या तिच्या हातात दिल्या, कधी घ्यायच्या ते सांगितलं आणि विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

बुधीने मान खाली घातली. मुकादम ओरडला, "चला, चढा!" नलूने पुन्हा विचारलं.

ट्रकवरून भागी नावाची म्हातारी खेकसली, "सुका! सुका वावरे! इथं मराया लागली नि लाजते!" ट्रकभर हशा पिकला. बुधीही पदराआड हसली आणि वर चढली.

पावसाच्या तोंडावर ती परत आली. पुढच्या पुड्या भट्टीवर कुणी पोचवल्या नव्हत्या. बेडक्यात पुन्हा जंतू सापडले. औषध पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

नलूचा प्रोग्राम आता काही पुसत नाही. सारखी वाटणारी नावं शेजारी मांडतो आणि थांबतो. कोऱ्या रकान्याची बाई आली की पुंजाराम रांगेतल्या मागच्या बाईला विचारतात, "हिच्या नवऱ्याचं नाव काय गं?" काम लांबतं. रामकिसन कुरकुरतो, "पहले तो घंटेभर में होता था." प्रोग्राम थांबलेला असतो तेव्हा नलू दारापर्यंत चकरा मारते.

थोरलीचं औषध पुरं झालं. यंदा दिवाळीनंतर ट्रकवर ती चढली. धाकली पाड्यावर राहिली आहे. दर महिन्याला ती खिडकीवर येते. नाव विचारलं की बुधी म्हणते आणि पुढचं सांगायला मागच्या बाईकडे बघते.