प्रेस शॉपच्या खुणा

काळेवाडीत राहून मी बीच व्हॉलीबॉल खेळते म्हटलं की लोक आधी पवना नदीकडे बघतात आणि मग माझ्याकडे. आमच्याकडे वाळू डंपरने येते. ती चाळून मैदानात पसरायची आणि तिच्यात धडपडायचं, असं करत मी आता देशभर स्पर्धा खेळत फिरते. पोट त्याच्यावरच चालतं.

बाबा साताऱ्याकडचे, चाकणला एका प्रेस शॉपमध्ये होते. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मशिनी. तिथे ओरडून उपयोग नसतो, सगळं बोलणं हातांनी. त्यात बाबांचे कान गेले आणि हातवारे घरी आले. चहा हवा, दार लाव, गप्प बस, सगळ्याला खूण. मला त्याची लाज वाटायची. बसमध्ये ते खुणा करायला लागले की मी खिडकीबाहेर बघत बसायचे.

दोन वर्षांपूर्वी चाकणजवळच स्पर्धा होती, म्हणून बाबा पहिल्यांदा माझी मॅच बघायला आले. आमच्या खेळात सर्व्हिस करणाऱ्या जोडीतली एकजण जाळीशी उभी राहते आणि पाठीमागे बोटं दाखवून जोडीदारणीला सांगते, सरळ मारलेला चेंडू अडवणार की तिरका. समोरच्यांना ती बोटं दिसत नाहीत. पण बाबा आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या जोडीच्या मागे बसले होते, त्यांना तिची बोटं दिसत होती. मी घरात या खुणांचा सराव करायचे, त्यामुळे त्यांना त्या पाठ. ते उभे राहून, हात उंचावून मला कळवायला लागले. मी नेहमीसारखी नजर चुकवत होते. आम्ही बाजू बदलल्या की बाबाही उठायचे आणि अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडे जाऊन बसायचे. त्यातच ते पंचांच्या नजरेत आले.

खेळ थांबला. हे कोण, पंचांनी विचारलं. वडील, असं मी इतकं हळू म्हणाले की त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांना आवरा, नाहीतर बाहेर पाठवावं लागेल, असं सांगून त्यांनी मला बाबांकडे धाडलं. बाबांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. ओरडावं लागलं, आणि सगळ्या मैदानाने ऐकलं.

"बाबा, हात खाली ठेवा. लाज आणली तुम्ही."

बाबा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "अगं, दिसलं की सांगावं लागतंय. न्हाई सांगितलं तर माणसाची बोटं जात्यात."

मागे कोणीतरी हसलं. बाबा खाली बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घालून टाकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैदानात त्यांच्यामुळे, आणि घरी जाताना बसमध्ये त्यांनी एकही खूण केली नाही तेव्हा माझ्यामुळे.

यंदा फायनल कोकणात होती, खऱ्या समुद्राकाठी. बाबा यायला तयार नव्हते, मीच हट्टाने नेलं. शेवटचा चेंडू पडला, आम्ही जिंकलो, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बाबा बसूनच होते. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायलासुद्धा त्यांनी मांडीखालचे हात काढले नव्हते. मी वाळूतूनच त्यांना त्यांच्या प्रेस शॉपच्या खुणेने सांगितलं, काढा हात.

त्यांनी आधी पंचांच्या खुर्चीकडे बघितलं.